आधी हाड, मग दात: इम्प्लांट समजून घेताना

एसटीतून निवृत्त झालेले एक काका माझ्या कोथरूडच्या दवाखान्यात आले. खालची डावीकडची दाढ सहा वर्षांपूर्वी किडली म्हणून काढलेली. "एकच तर गेली मॅडम, बाकीच्या आहेत की," असं म्हणून त्यांनी ती जागा तशीच सोडली होती. आता मागची दाढ पुढे कलली होती, वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरू लागली होती आणि मधल्या फटीत रोज पालेभाजी अडकत होती. त्यांना इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला कृत्रिम दात) हवं होतं, आणि तेही दोन महिन्यांत, कारण घरात मुलीचं लग्न. मी एक्स-रे लावला आणि दातांच्या आधी त्यांना रिकाम्या जागेखालचं हाड दाखवलं. शेजारच्या दातांपाशी उंच असलेलं ते हाड मध्ये खचत गेलं होतं, पावसानं बसलेल्या शेताच्या बांधासारखं.

इम्प्लांटला किती दिवस लागतात, किती पैसे पडतात, मला चालेल का, हे प्रश्न मला रोज विचारले जातात. त्यांची बहुतेक उत्तरं त्या बांधात असतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. दोघांच्या मध्ये बारीक तंतूंची एक गादी असते, जाडीनं जेमतेम दोन-तीन केसांएवढी. घास चावताना दात किंचित दबतो, ते तंतू ताणले जातात आणि हाडाला ओढ बसते. दाताभोवतीचं हाड या ओढीवर जगतं. दात काढला की ओढ थांबते आणि शरीर ते बिनकामाचं हाड परत घ्यायला लागतं. हे काही वर्षानुवर्षं रेंगाळत होत नाही. पहिल्या वर्षात बांधाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. गालाकडची भिंत पातळ असते, ती आधी ढासळते.

सगळे दात गेलेल्या माणसाचं बोळकं आठवा. हनुवटी वर येते, नाक खाली आल्यासारखं दिसतं, ओठ आत वळतात. वयानं चेहरा बदलला असं आपण म्हणतो, पण त्यातला मोठा वाटा जबड्याचं हाड झिजल्याचा असतो. कवळी या हाडाला ओढ देत नाही, वरून दाबते. त्यामुळे पाच-सात वर्षांत कवळी ढिली होते. कवळी तीच असते, खालचा जबडा बारीक झालेला असतो.

आता इम्प्लांट म्हणजे काय ते. हाडात बसवायचा टायटॅनियमचा एक स्क्रू, त्यावर बसणारा जोडखांब (याला आम्ही अबटमेंट म्हणतो) आणि सर्वांत वर दाताच्या आकाराची कॅप, असे तीन भाग. स्क्रू लहानसाच असतो, रुंदीला साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर आणि लांबीला आठ ते तेरा. तळहातावर ठेवला तर घड्याळजीच्या दुकानातली वस्तू वाटेल. पेशंट दाताबद्दल, म्हणजे कॅपबद्दल विचारतात. मला काळजी असते ती या स्क्रूची, कारण कॅप बदलता येते.

टायटॅनियमच का, यामागची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक छोटी नळी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड धातूला असं चिकटलं होतं की दोन्ही वेगळे करता येईनात. दातांचा विषय तोवर त्यांच्या डोक्यातही नव्हता. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि त्या माणसानं ते पुढे चाळीस वर्षं, मरेपर्यंत वापरले. टायटॅनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर लगेच तयार होतो. शरीर त्या थराला परकं समजून झटकून टाकत नाही, हाडाच्या पेशी त्यावर येऊन वस्ती करतात. आजकालचे स्क्रू मुद्दाम खरखरीत केलेले असतात, म्हणजे पेशींना धरायला जागा मिळते.

इम्प्लांट हा एकमेव उपाय आहे असं मात्र नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर मला ते आवडत नाही. अक्कलदाढ गेली तर काहीच करायला नको. काढून ठेवायची छोटी कवळी आहे, ती स्वस्त पडते. ब्रिज आहे. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे आणि तिघांवर मिळून एक जोडकॅप बसवायची. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच रूट कॅनॉल होऊन कॅप लागायचीच असेल तर मी स्वतः ब्रिज सुचवते. पण ते दोन्ही दात धडधाकट असतील तर तिसऱ्यासाठी त्यांना घासायला हात धजत नाही. शिवाय ब्रिजच्या मधल्या दाताखालचं हाड झिजतच राहतं, तिथे ओढ पोचत नाही.

बसवतात कसं

त्याआधी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे. पूर्ण जबड्याची जी लांबट फिल्म असते, ओपीजी, तिच्यात हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. खालच्या जबड्यात दाढांच्या खालून एक नस जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो तो तिच्यामुळे. स्क्रूचं टोक आणि ही नस यांच्यात किमान दोन मिलिमीटर अंतर राखायचं असतं. अंतर चुकलं तर ओठ बधिर राहतो, कधी काही आठवडे, कधी कायमचा. वरच्या जबड्यात मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते आणि तिच्या खालचं हाड कधी कधी तीन-चार मिलिमीटरच उरलेलं असतं. म्हणून मागच्या दाढांसाठी नुसती ओपीजी पाहून "बसवून टाकू" असं कुणी म्हणालं तर स्कॅनचं जरूर विचारा.

स्क्रू बसवताना तोंडाची तेवढीच जागा बधिर करतात, पूर्ण भूल लागत नाही. एका दाताला सगळं मिळून तासाच्या आत उरकतं. घाबरून आलेले पेशंट नंतर म्हणतात, दाढ काढताना जास्त त्रास झाला होता. ड्रिलची घरघर आणि दाब जाणवतो, दुखत नाही. खरी काळजी असते ती उष्णतेची. हाडाचं तापमान ४७ अंशांच्या वर गेलं आणि मिनिटभर तसंच राहिलं तरी तिथल्या पेशी मरतात. ४७ अंश म्हणजे फार नाही, आंघोळीचं कडकडीत पाणी. म्हणून ड्रिल धारदार हवं, वेग कमी हवा आणि वरून सलाइनची धार चालू हवी. एकाच वेळी मोठं भोक पाडत नाहीत. आधी बारीक ड्रिल, मग त्याहून जाड, असं करत करत जागा तयार होते.

हाताला हाड कळतं. खालच्या जबड्याचा पुढचा भाग शिसवी लाकडासारखा टणक, ड्रिल पुढे सरकायला नको म्हणतं. वरच्या जबड्याचा मागचा भाग पांगाऱ्याच्या लाकडासारखा, हात हलका ठेवला नाही तर ड्रिल भसकन आत जाईल. शेवटी स्क्रू पान्यानं आवळताना पाना किती जोर लागला ते दाखवतो. साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास आकडा आला की मला बरं वाटतं. मऊ हाडात तेवढा येत नाही. मग मी जास्त महिने थांबते.

पुढचा मुद्दा बहुतेकांना कुणी सांगितलेलाच नसतो. स्क्रू बसवल्या दिवशी घट्ट असतो तो निव्वळ आट्यांच्या पकडीमुळे, लाकडात स्क्रू पिळावा तसा. हाड अजून चिकटलेलं नसतं. पुढच्या काही दिवसांत शरीर आट्यांजवळचं दबलेलं जुनं हाड काढायला लागतं आणि नवं घालायला लागतं. जुनं निघालेलं आणि नवं पुरतं न आलेलं असा एक काळ मध्ये येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास. तेव्हा इम्प्लांट पहिल्या दिवसापेक्षाही कमकुवत असतं. आणि नेमकं तेव्हाच पेशंटला अगदी छान वाटत असतं. सूज उतरलेली, टाके निघालेले, दुखणं शून्य.

माझा एक तरुण पेशंट याच काळात मित्रांबरोबर सिंहगडावर गेला आणि भाजलेलं कणीस त्याच बाजूनं कराकरा खाल्लं. दोन आठवड्यांनी तपासलं तर स्क्रू बोटाला हलत होता. सगळा दोष कणसाचाच असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण मी त्याला या मधल्या काळाबद्दल नीट बजावून सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. स्क्रू काढावा लागला, जागा भरायला तीन महिने थांबलो आणि पुन्हा बसवला. आता मी पेशंटच्या कॅलेंडरवर तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याला लाल पेनानं खूण करून देते. या दिवसांत त्या बाजूनं मऊ भात, खिचडी, उपमा. चिक्की, बाकरवडी, कणीस, चणे बंद.

हाड पुरतं धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने लागतात. मग "एका दिवसात दात" अशा पाट्या रस्त्यावर दिसतात त्या खोट्या का? अगदीच तसं नाही. स्क्रू पहिल्या दिवशीच चांगला घट्ट बसला असेल तर त्यावर तात्पुरती कॅप देता येते, समोरच्या दाताला न टेकणारी. सगळेच दात गेलेले असतील तर चार-सहा स्क्रू एका पट्टीनं बांधून त्यावर त्याच दिवशी दात देता येतात. पट्टीमुळे एकेक स्क्रू सुटा हलत नाही, म्हणून ते चालतं. पण त्या दातांवरही काही महिने मऊच खायचं असतं. दात एका दिवसात दिसतात. हाड आपल्याच वेळेनं भरतं आणि जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं.

हाड कमी असेल तर

एसटीवाल्या काकांची हीच अडचण होती. बांध अरुंद झालेला, स्क्रूच्या चारही बाजूंना हाड पुरेना. अशा वेळी हाडाची भुकटी भरून वर पातळ पडदा ठेवतात आणि त्या आधारानं स्वतःचं हाड वाढू देतात. ही भुकटी कशाची, हे विचारायला संकोच करू नका. कधी ती पेशंटच्याच जबड्यातून घेतलेल्या हाडाची असते. पुष्कळदा गाई-बैलांच्या हाडावर प्रक्रिया करून बनवलेली असते आणि काही पडदे डुकराच्या ऊतींपासून केलेले असतात. पूर्ण कृत्रिम, कॅल्शियमच्या क्षारांची भुकटीही मिळते. एखाद्याच्या घरात याला महत्त्व असतं आणि ते पेशंटला आधी सांगायलाच हवं. शस्त्रक्रियेनंतर कागदावर वाचून कळणं बरोबर नाही.

काकांना मी स्पष्ट सांगितलं की दाढ काढली तेव्हाच आला असतात तर हे भरावंच लागलं नसतं किंवा थोडक्यात भागलं असतं. दाढ काढल्या काढल्या, पू नसेल आणि भिंती शाबूत असतील तर त्याच खळग्यात स्क्रू बसवता येतो. नाहीतर दीड-दोन महिन्यांनी, हिरडी भरल्यावर. दात काढायच्या आधीच हा विषय डॉक्टरांकडे काढा. लगेच इम्प्लांट परवडत नसेल तरी खळगा भुकटीनं भरून बांध राखता येतो, इम्प्लांट नंतर करा.

कुणाला चालतं

वयाला वरची मर्यादा नाही. ऐंशीच्या आजींनाही बसवलं आहे. खालची मर्यादा मात्र आहे. दुचाकीवरून पडून पुढचा दात गमावलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं पुण्यात काही कमी नाहीत आणि आईवडिलांना ताबडतोब पक्का दात हवा असतो. पण जबडा वाढत असतो तेव्हा खरे दात त्याच्याबरोबर सरकतात आणि इम्प्लांट हाडाला चिकटलेलं असल्यानं जिथल्या तिथे राहतं. चार वर्षांनी तो दात आखूड, वर अडकलेला दिसतो. वाढ पूर्ण होईपर्यंत तात्पुरत्या दातावर काढावं लागतं.

मधुमेह असला म्हणून नकार नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, आटोक्यात हवी, साधारण सातच्या आसपास असली की मी निर्धास्त असते. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि एक गोष्ट फार कळकळीनं सांगते. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू असेल, तर ते दाताच्या डॉक्टरला सांगाच. "औषधं काही चालू आहेत का?" विचारलं की आज्या "काही नाही गं बाळा" म्हणतात, कारण वर्षातून एकदा टोचून घेतलेलं कुणाच्या लक्षात राहतं? पण या औषधांमुळे हाडाची जुनं काढून नवं घालायची चाल मंदावते, आणि क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरतं. इम्प्लांटचा सगळा भरवसा त्याच चालीवर असतो.

तंबाखूचं तसंच. सिगारेटनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण वाढतं. मुळशीकडच्या एका मावशींना मी विचारलं, तंबाखू खाता का? त्या दुखावल्यासारख्या झाल्या. "छे वो डॉक्टरीणबाई, आमी फकस्त मिश्री लावतो." मिश्री म्हणजे भाजून दळलेली तंबाखूच, आणि ती दिवसातून चार वेळा थेट हिरडीवर चोळली जाते. मावशींना कुणी कधी हे सांगितलंच नव्हतं. घरात कुणी मिश्री लावत असेल तर ते आपणहून डॉक्टरांना सांगा, "तंबाखू" या शब्दाखाली त्या बायका ती धरत नाहीत.

नंतरची निगा

टायटॅनियम किडत नाही, म्हणून "आता या दाताला काही होत नाही" असा समज होतो. कीड लागत नाही हे खरं. पण खऱ्या दाताभोवती हिरडीचे तंतू दाताच्या मुळामध्ये आडवे घुसलेले असतात आणि जंतूंना अडवतात. इम्प्लांटभोवती ते उभे, नुसते टेकून असतात, त्यामुळे ही राखण कच्ची. कडेला चिकटा साठत गेला की जंतू खाली उतरतात आणि स्क्रूभोवतीचं हाड बशीसारखं खचत जातं. दुखत नाही. घासताना थोडं रक्त येतं, तेवढीच खूण. रक्त दिसलं तर महिनाभर वाट पाहू नका. रोज रात्री दातांच्या फटीतला छोटा ब्रश इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी फिरवायचा, सहा महिन्यांनी तपासणी, वर्षातून एकदा एक्स-रे.

ती तंतूंची गादी इम्प्लांटला नसते, याचा आणखी एक परिणाम आहे. भातातला खडा खऱ्या दाताखाली आला की जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांटखाली आला तर तितकं चटकन कळत नाही. म्हणून कॅप बनवताना तिच्यावर दाब किंचित हलका ठेवतात. झोपेत दात खायची सवय असेल तर रात्री दातांवर घालायचा गार्ड करून घ्या.

खर्चाचं बोलायचं तर एका दाताला पाच आकडी रक्कम लागते आणि बहुतेक मेडिक्लेममध्ये ती बसत नाही. दोन दवाखान्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यात काय काय धरलंय ते लिहून मागा. स्कॅन, स्क्रू, अबटमेंट, कॅप, लागली तर भुकटी, आणि हाडानं धरलंच नाही तर दुसऱ्यांदा बसवायचे पैसे कुणाचे. स्वस्त वाटणाऱ्या आकड्यात पुष्कळदा कॅप नसते. धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, वडगावचं सिंहगड, पिंपरीचं डी. वाय. पाटील, या दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, पण खासगीपेक्षा पैसे कमी लागतात.

आणि स्टिकर मागा. प्रत्येक स्क्रूच्या डबीवर कंपनी, रुंदी, लांबी आणि लॉट नंबर छापलेलं स्टिकर असतं. दुसऱ्या गावाहून आलेल्या एका आजोबांची कॅप ढिली झाली होती. काम पाच मिनिटांचं, आतला बारीक स्क्रू आवळायचा. पण कंपनी कोणती ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा. माझ्याकडचे सगळे पाने लावून झाले, एकही बसला नाही. शेवटी चांगली कॅप कापून काढावी लागली. मुलाकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी तर हे स्टिकर पासपोर्टच्या पाकिटातच ठेवावं.

सगळे दात गेलेल्यांना मोठा खर्च झेपत नसेल तर एक मधला मार्ग आहे. खालच्या जबड्यात पुढे दोनच इम्प्लांट आणि त्यावर टिचबटणासारखी बसणारी कवळी. २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, ज्यांचे खालचे सगळे दात गेले आहेत त्यांच्यासाठी हा उपचार पहिल्या पसंतीचा मानावा असं म्हटलं. खालची कवळी जिभेच्या हालचालीनं सतत उचलली जाते, दोन बटणांनी ती जागेवर राहते. रात्री काढायची, बटणं ब्रशनं घासायची, कवळी पाण्यात ठेवायची.

काकांचं काम लग्नाच्या आत झालं नाही. भुकटी भरून पाच महिने थांबलो, मग स्क्रू, मग आणखी तीन महिने. लग्नात ते उजव्या बाजूनं जेवले. कॅप बसल्याला आता वर्ष झालंय. परवाच्या एक्स-रेत हाड स्क्रूच्या पहिल्या आट्यापाशी आहे, जिथे ते असायला हवं तिथेच. पुढची फिल्म त्याच कोनातून काढायची, म्हणून मी ती त्यांच्या फाइलला लावून ठेवली आहे.